वाचकांचे प्रश्न : सिगार ठेवायचे कसे आणि कुठे

सिगार साठवण्याबद्दल आलेल्या पत्रांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत. बहुतेक पत्रं नव्यानं सुरुवात करणाऱ्यांची आहेत आणि बहुतेकांचा रोख ‘कोणता ह्युमिडॉर (सिगारसाठी आर्द्रता राखणारी पेटी) घेऊ’ याच्यावर आहे. पेटी हा खरं तर शेवटी सोडवायचा प्रश्न. त्याआधी दोन गोष्टी सांगून टाकतो. सिगारचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतोच. साठवण उत्तम झाली म्हणून सिगार निरुपद्रवी होत नाही. आणि सिगारच्या ब्रँडची शिफारस या सदरात केली जात नाही, तेव्हा ती मागणाऱ्या पत्रांना उत्तर नाही.

प्रश्न : मेहुण्यांनी दुबईहून १२ सिगार आणून दिले. महिन्याला एखाददुसरा ओढतो. ऑनलाइन चार-पाच हजारांत काचेच्या झाकणाची सुरेख लाकडी पेटी दिसते. घेऊ का? (एक वाचक, पुणे)

इतक्यात घेऊ नका. या किमतीच्या पेट्यांचं लाकूड पातळ असतं, झाकण नीट बसत नाही, आणि काच जिथे लाकडात बसवलेली असते तिथून हवा जात राहते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली उतरते आणि जुलैत ८५च्या वर चढते. फट असलेल्या पेटीत आतली हवा खोलीतल्या हवेच्या मागे मागे जाते. सिगार उन्हाळ्यात वाळतात, पावसाळ्यात फुगतात.

बारा सिगारांना तीन लिटरचा, चारही बाजूंनी क्लिप लागणारा, झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला प्लॅस्टिकचा डबा पुरतो. डबा नवीनच घ्या. मसाला, लोणचं, फरसाण राहून गेलेल्या डब्याचा वास कितीही घासला तरी जात नाही, आणि तंबाखू तो वास ओढून घेते. नवा डबासुद्धा खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुवा, दोन दिवस उघडा ठेवा, मग रात्रभर झाकण लावून सकाळी उघडून नाक लावा. प्लॅस्टिकचा वास आला तर पुन्हा तेच. झाकण बसतं की नाही हे बघायला शंभराची नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण लावा आणि ओढा. अडली पाहिजे. चारही बाजूंनी बघा. एका कडेला सैल असलेले डबे बरेच निघतात.

आत ६५ टक्क्यांची ६० ग्रॅमची आर्द्रतेची एक पुडी ठेवा. बोव्हेडा या नावानं मिळतात त्या या पुड्या. पुडीत मिठाचं संपृक्त द्रावण असतं आणि वरचा कागद पाण्याची वाफ आरपार जाऊ देतो, पाणी नाही. डब्यातली हवा कोरडी झाली की पुडी ओलावा सोडते, दमट झाली की ओढते. तुम्हाला काही करावं लागत नाही. सोबत एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर. डबा तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरू नका, आठवड्यातून एकदा मिनिटभर झाकण उघडून हवा बदला, बस्स. पहिले चार-पाच दिवस आकडा वरखाली होईल, तिकडे दुर्लक्ष करा. झाकण उघडल्या उघडल्या दिसणारा आकडाही खोलीचा असतो, डब्याचा नव्हे. मीटरचा तोंडवळा बाहेरून दिसेल असा, पारदर्शक भिंतीला टेकवून ठेवलात तर आकडा बघण्यासाठी डबा उघडायची वेळच येत नाही.

चांगल्या डब्यात पुडी सहज चार-सहा महिने टिकते. बोटांनी दाबल्यावर आत खडे लागले की संपत आली. पूर्ण कडक झाली की बदला.

प्रश्न : दोन मीटर घेतले. एकाच डब्यात एक ६१ दाखवतो, दुसरा ६८. खरा कोणता? (ठाणे)

कदाचित एकही नाही. स्वस्तातले मीटर चार-पाच अंकांनी चुकणं अगदी नेहमीचं आहे. गोल काट्याचे, पेटीच्या झाकणावर बसवलेले पितळी मीटर तर शोभेचेच समजा. मीटर चुकतो याला हरकत नाही. किती चुकतो ते कळलं पाहिजे. ते कळायला घरातलं मीठ पुरतं.

सोड्याच्या बाटलीच्या बुचात अर्धा चमचा साधं मीठ घ्या. आयोडिनयुक्त चालतं. त्यात थेंब थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं दिसलं की थांबा. ते विरघळता कामा नये. हे बूच आणि दोन्ही मीटर झिपच्या एका पिशवीत ठेवा, मीटरला मीठ लागू देऊ नका, पिशवीत थोडी हवा राहू द्या आणि ती बंद करून १२ ते २४ तास एका जागी राहू द्या. एसीच्या झोतात नको, खिडकीत नको. ओल्या मिठावरची बंद हवा घरातल्या नेहमीच्या तापमानात ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. पिशवी न उघडता बाहेरूनच वाचा. ६८वाला मीटर ७८ दाखवत असेल तर तो तीननं जास्त सांगतो, म्हणजे डब्यात खरी आर्द्रता ६५ आहे. हा फरक चिकटपट्टीवर लिहून मीटरच्या पाठीला लावून टाका.

ही तपासणी दोन कारणांनी फसते. मीठ पूर्ण विरघळलं तर आकडा वर जातो. आणि पाणी इतकं कमी टाकलं की मीठ जेमतेम भिजलं, तर बारा तासांतही आकडा ७५ला पोचत नाही. वर्षातून एकदा, आणि सेल बदलल्यावर, हीच तपासणी पुन्हा करा.

प्रश्न : सगळीकडे ‘७०-७०’ असं वाचतो, म्हणजे ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट. दादरला आमच्याकडे ते जमेल का? (मुंबई)

पहिलं सत्तर विकत मिळतं, दुसरं मिळत नाही. ७० फॅरनहाइट म्हणजे २१ अंश सेल्सिअस. चोवीस तास एसी नसेल तर मुंबईच्या घरात ते वर्षातून मोजके दिवस, तेही थंडीच्या पहाटे. एरवी खोलीत २७ ते ३१ अंश असतात. आणि या तापमानाला ७० टक्के हा आकडा घातक आहे. बुरशीला ओलावा लागतो तशी ऊबही लागते. २० अंशांना ७० टक्क्यांवर जो सिगार वर्षभर सुखरूप राहतो, त्याला ३० अंशांना तेवढ्याच आर्द्रतेत धोका कितीतरी जास्त. शिवाय त्या उबेत डब्यातला मीटर दोन-तीन अंकांनी खोटा असला किंवा पुडी थोडी ढिली पडली, तर ७० बघता बघता ७४ होतात.

म्हणून मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या वाचकांनी ६५ची पुडी घ्यावी, आणि एसी अजिबात नसेल तर ६२ची. ७२ची पुडी आपल्या हवेसाठी नाहीच. ६२-६५वर सिगार कोरडा होईल अशी भीती अनेकांना वाटते. होत नाही. उलट तो एकसारखा जळतो आणि कमी वेळा विझतो. ओला सिगार ओढायला घट्ट लागतो, मधूनच जळत पोकळ होत जातो, पुन्हा पुन्हा पेटवावा लागतो आणि कडवट लागतो. ओला झालेला ओळखायचा कसा? पेटवायच्या टोकाकडून बघा: आतली पानं फुगून बाहेर डोकावत असतील तर ओलावा जास्त आहे. दोन बोटांत हळूच दाबा. किंचित दबून परत वर आला तर ठीक, स्पंजासारखा दबून तसाच राहिला तर ओला, कुरकुरला तर वाळलेला.

जुलै-ऑगस्टमध्ये पुडी टम्म फुगलेली दिसेल. ती बाहेरचा दमटपणा पीत असते, म्हणजेच तुमच्या डब्याचं झाकण गळतं. पुडी बदलण्याआधी डबा बदला.

प्रश्न : डब्यातल्या तीन सिगारांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडली आहेत आणि तळाशी तपकिरी भुकटी आहे. हे काय? (सांगली)

तुमच्या गावाला हा पाहुणा नवा नाही. लॅसिओडर्मा सेरिकॉर्न हे त्याचं शास्त्रीय नाव. दोन-तीन मिलिमीटर लांब, तांबूस-तपकिरी, पाठीवर बाक असलेला, हात लावला की पाय आखडून मेल्याचं सोंग करणारा भुंगेरा. साठवलेली हळकुंडं पोखरतो तोच हा. मिरचीपूड, धने, सुंठ, तंबाखू, सगळं त्याला चालतं. त्यामुळे सिगारचा डबा मसाल्याच्या फडताळात कधीही ठेवू नये. भुंगेरा तिकडून इकडे येतो आणि इकडून तिकडेही जातो.

बहुतेक वेळा मात्र तो सिगारमधूनच आलेला असतो. मादी गोदामात साठवलेल्या तंबाखूच्या पानावर अंडी घालते, ती डोळ्यांना दिसत नाहीत, आणि कारखान्यात सिगार गोठवूनही एखादं वाचतं. थंडाव्यात ते तसंच पडून राहतं. खोली २४-२५ अंशांच्या वर गेली आणि तिथेच राहिली, की आठवड्याभरात अळी बाहेर येते, आतून खात जाते आणि शेवटी पूर्ण वाढलेला भुंगेरा गोल भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे भोक दिसलं तेव्हा आतलं जेवण उरकलेलं असतं. उबेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा सगळा फेरा सहा ते दहा आठवड्यांत पुरा होतो आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते, म्हणून ‘तीनच तर आहेत’ असं म्हणून चालत नाही.

भोकं पडलेले तीन सिगार घराबाहेर टाका, घरातल्या कचऱ्याच्या डब्यात नाही. बाकीचे, वरून कितीही चांगले दिसोत, गोठवावेच लागतील. प्रत्येक बॅच झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला. आधी एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. मग फ्रीझरमध्ये: उणे १८ अंशांना जाणारा फ्रीझर असेल तर तीन ते चार दिवस, एका दाराच्या जुन्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा असेल तर आठवडाभर, कारण तो तितका थंड होत नाही. मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, मग एक दिवस खोलीत. या सगळ्या काळात पिशवी उघडायची नाही. थंड सिगारवर खोलीतली दमट हवा लागली की त्याच्यावर पाणी धरतं आणि वरचं पान डागाळतं. फ्रिजमधला मधला मुक्काम टाळून सरळ फ्रीझरमध्ये टाकणारे नंतर वरचं पान तडकल्याची तक्रार करतात. पान आणि आतली तंबाखू यांच्या तापमानातला फरक एकदम वाढल्यानं ते होतं.

डबा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन कोरडा करा. कोपरे आणि रिंगची खाच टूथब्रशनं घासा, भुकटीत अंडी असतात. जुना लाकडाचा पातळ कागद, लाकडी पट्ट्या टाकून द्या. डांबराच्या गोळ्या, कडुलिंबाचा पाला, कापूर यांतलं काहीही डब्यात घालू नका. भुंगेरा मरेल की नाही हा पुढचा प्रश्न, सिगार मात्र नक्की वाया जाईल.

आणि यापुढे नवीन आलेला प्रत्येक सिगार आधी गोठवून मगच डब्यात. उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांना हा नियम ऐच्छिक नाही.

प्रश्न : मे महिन्यात इथे ४५ अंश होतात. दिवसभर कूलर असतो, रात्री बंद. वाइन कूलर घ्यावा म्हणतोय. (नागपूर)

कूलरच्या खोलीत दिवसा दमट, रात्री कोरडं, असा झोका रोज बसतो. हवाबंद डब्याला त्याचा त्रास नाही. त्रास तापमानाचा, आणि ते कूलर २८-३०च्या खाली फारसं नेत नाही.

वाइन कूलर म्हणजे वाइनच्या बाटल्यांसाठीचे छोटे फ्रिज. ते दोन प्रकारचे असतात. एक थर्मोइलेक्ट्रिक. त्यात कॉम्प्रेसर नसतो, आवाज नसतो, आणि सिगारवाल्यांमध्ये तोच लोकप्रिय आहे, पण तो थंड हवेच्या देशांत. तो खोलीपेक्षा साधारण १० ते १४ अंशच खाली जाऊ शकतो. तुमच्या खोलीत ३८ अंश असतील तर आत २५-२६, म्हणजे भुंगेऱ्याला सोयीचं, आणि यंत्र दिवसरात्र पूर्ण ताकदीनं चालून वर्षा-दोन वर्षांत दम टाकतं. विदर्भ-मराठवाड्यात कॉम्प्रेसरचाच घ्या. त्याची खोड अशी की थंड नळीवर हवेतलं पाणी धरतं आणि आतली हवा कोरडी पडते. त्यामुळे सिगार त्यात उघडे ठेवायचे नाहीत. क्लिपचे हवाबंद डबे भरून, प्रत्येकात पुडी टाकून, ते डबे कूलरमध्ये ठेवायचे आणि कूलर १८ अंशांवर लावायचा. १२-१३ला लावायची गरज नाही. १८ला अळीची वाढ थांबते. डबे मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे पाणी जमतं.

तेवढा खर्च करायचा नसेल तर २५-३० लिटरचा सहलीचा आइस बॉक्स घ्या. त्याच्या भिंतीतल्या फोममुळे दिवसा-रात्रीचा चढउतार आत फार कमी पोचतो. पाणी काढायचं भोक असेल तर ते बुचानं बंद करा, ६५च्या ६० ग्रॅमच्या चार पुड्या टाका, आणि घरातल्या सगळ्यांत आतल्या खोलीत, जमिनीवर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा. आत बर्फ ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. मात्र हा बॉक्स उष्णता अडवतो, थंड करत नाही. मे महिना त्यात निभेल ते सिगार आधी गोठवलेले असतील तरच.

तीन आठवडे घर बंद करून गावाला जाणार असाल आणि यातलं काही नसेल, तर पुडीसकट दोन पिशव्यांत बंद केलेला डबा साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून जा. कायमचा उपाय म्हणून फ्रिज वाईट, कारण हवा कोरडी असते आणि लसूण-मासळीचे वास. पण बंद फ्लॅटमधल्या ४० अंशांपेक्षा तो बरा. परत आल्यावर डबा बाहेर काढून पूर्ण एक दिवस न उघडता ठेवा.

प्रश्न : ओळखीच्या सुतारानं पेटी करून देतो म्हटलंय. सागवान की देवदार? (बेळगाव)

आतून तरी दोन्ही नको. ह्युमिडॉरच्या आत जे लाकूड लावतात त्याला बाजारात स्पॅनिश सीडर म्हणतात, पण ते सीडर नव्हे आणि स्पेनचंही नव्हे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं सेड्रेला ओडोराटा हे झाड. महोगनी, कडुलिंब आणि आपल्याकडचा तून यांच्याच कुळातलं. ते ओलावा घेतं आणि सोडतं, फारसं वाकत नाही आणि त्याचा मंद वास सिगारला मानवतो. हिमालयातला देवदार हा खरा सीडर, आणि नेमका म्हणूनच नको. त्याचं तेल इतकं उग्र की पंधरा दिवसांत सगळे सिगार त्याच वासाचे होतात. सागाचंही तेलच आडवं येतं.

पेटीच करायची असेल तर बाहेरून साग लावा, आत ५-६ मिलिमीटर जाडीच्या स्पॅनिश सीडरच्या फळ्या. आतल्या बाजूला पॉलिश, व्हार्निश, मेण काहीही नाही. प्लायवूडचा तुकडासुद्धा नको, त्यातल्या गोंदाचा वास महिनोन्‌महिने सुटत राहतो. आतलं अस्तर कडांपेक्षा ३-४ मिलिमीटर वर काढलं की झाकण त्याच्यावर खोबणीसारखं बसतं आणि हवा अडते. झाकण सोडल्यावर शेवटच्या बोटभर अंतरात ते हवेच्या गादीवर सावकाश उतरलं तर काम जमलं. धाडकन आपटलं तर फट आहे. मोबाइलचा टॉर्च आत लावून, खोलीत अंधार करून बघा. उजेडाची रेघ जिथून दिसेल तिथे सुताराला बोट दाखवा.

प्रश्न : निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी ५० सिगारचा लाकडी ह्युमिडॉर दिला. सोबतच्या पत्रकात ओल्या फडक्यानं आतून पुसायला सांगितलंय. पाणी आरओचं चालेल? (मडगाव)

पुसू नका. ओलं फडकं फिरवलं की लाकडाचा वरचा थर एकदम पाणी पितो, आतला कोरडाच राहतो. फळी वाकते, रेषा उचलतात आणि ओल्या जागी बुरशी धरते. पण नवी पेटी तशीच भरायचीही नाही. कोरडं लाकूड सगळा ओलावा तुमच्या सिगारमधून ओढून घेईल.

लाकूड मुरवायला ८४ टक्क्यांच्या पुड्या वेगळ्या मिळतात. तुमच्या पेटीला ६० ग्रॅमच्या दोन. रिकाम्या पेटीत ठेवून झाकण लावा आणि १४ दिवस उघडू नका. मग त्या काढून ६५च्या दोन ठेवा, दोन दिवस थांबा, आकडा ६३ ते ६७च्या दरम्यान स्थिरावला की सिगार भरा. पुड्या मिळाल्या नाहीत तर नवा स्पंज डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, पिळून, बशीत ठेवून, बशी लाकडाला न टेकवता प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ठेवा. पाच ते सात दिवस. गोव्यात पावसाळा चालू आहे म्हणून पेटी उघडी ठेवून ‘फुकटात मुरवू’ असं करू नका. त्या हवेबरोबर बुरशीची बीजंही मुरतात.

आरओचं पाणी नको. त्यात क्षार उरतातच, ते स्पंजात साठतात आणि त्याची छिद्रं बुजतात. उकळून गार केलेल्या पाण्यातलेही क्षार सगळे जात नाहीत. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी डिस्टिल्डच असतं असं एका पत्रात लिहिलंय. ते धुळीनं माखलेल्या कॉइलवरून आलेलं असतं, राहू द्या. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी चालतं, पण लेबल नीट वाचा. शेजारच्याच फळीवर तशाच बाटलीत बॅटरीचं ॲसिड असतं. रम, गुलाबपाणी, अत्तर यांतलं काही पाण्यात घालायचं नाही.

‘५० सिगार’ हा आकडा बारीक सिगार धरून काढलेला असतो. पाच इंच लांब, ५० रिंगचे, म्हणजे साधारण २० मिलिमीटर जाडीचे सिगार त्यात ३०-३५ मावले तरी पुष्कळ.

प्रश्न : सिगारवर पांढरं काहीतरी आलंय. दुकानदार म्हणतो, ही जुन्या सिगारची साय आहे, चांगलं लक्षण. (रत्नागिरी)

दुकानदाराला माल विकायचा आहे. तंबाखूतली तेलं वर येऊन बारीक चकाकती भुकटी धरते असं मानतात, पण त्या नावाखाली दाखवलं जाणारं बहुतेक वेळा बुरशीच निघते, आणि कोकणातल्या हवेत तर तोच अंदाज आधी करावा. भिंग घ्या. ठिपक्यांना उंची असेल, केस किंवा कापसासारखे धागे असतील, ठिपके एका बाजूलाच गोळा झाले असतील, हिरवट-निळसर छटा असेल, पुसल्यावर पानावर डाग राहत असेल, तर बुरशी. मग पेटवायचं टोक बघा. तिथे आली असेल तर ती आत गेलीय. सिगार टाकून द्या, वाईट वाटलं तरी. फक्त वरच्या पानावर एक-दोन ठिपके असतील तर काही जण पुसून ओढतात. आमचा सल्ला, तोही टाका.

बुरशी आली म्हणजे आर्द्रता बराच काळ ७२-७५च्या वर होती. मीटरला मिठाची परीक्षा द्यायला लावा, पुडी ६२ची घ्या. प्लॅस्टिकचा डबा धुऊन उन्हात. लाकडी असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून आठवडाभर उघडा ठेवून वास पूर्ण गेल्यावरच वापरा.

प्रश्न : कपाटाच्या खणात वर्षभर विसरलेले सहा सिगार सापडले. कडकडीत आहेत. वाचतील का? (छत्रपती संभाजीनगर)

पान फाटलेलं नसेल तर ओढण्याजोगे होतील, पण घाई केली तर नाही. वरचं पान पातळ, ते काही तासांत ओलावा घेतं. आतल्या गाभ्याला आठवडे लागतात. एकदम दमट डब्यात टाकलं की गाभ्याचा बाहेरचा थर फुगतो आणि पान उभं चिरतं. लहान डब्यात ६२ची पुडी घालून दोन आठवडे, मग ६५ची घालून तीन ते चार आठवडे. मधे दर चार-पाच दिवसांनी सिगार अर्धा फिरवा. सफरचंदाची फोड, बटाटा, ओला कापूस हे उपाय बुरशीचे आहेत, सिगारचे नव्हेत. उडून गेलेली तेलं परत येत नाहीत, त्यामुळे चव थोडी फिकी लागेल.

प्रश्न : इथे हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की पुडी महिन्यात कडक होते. डिसेंबरात पुण्याला येताना वडिलांसाठी थोडे सिगार आणायचेत, त्याचंही सांगा. (न्यू जर्सी)

हीटिंगमुळे घरातली हवा २०-२५ टक्क्यांवर येते; लाकूड आकसतं, झाकणाची फट वाढते आणि पुडी ती भरून काढता काढता संपते. ऑक्टोबर ते मार्च सिगार प्लॅस्टिकच्या डब्यात हलवा, ६९ची पुडी तिकडे चालेल, आणि डबा हवेच्या झरोक्यापासून लांब ठेवा. बेसमेंट हिवाळ्यात उत्तम. उन्हाळ्यात तेच बेसमेंट दमट होतं, तेव्हा लाकडी पेटी तिथे नको.

आणताना कडक प्लॅस्टिकच्या प्रवासी डब्यात, ८ ग्रॅमची पुडी घालून, केबिनच्या बॅगेत ठेवा. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून तो डबा झिपच्या पिशवीत घाला, पण पिशवीत थोडी जागा मोकळी सोडा, वर गेल्यावर ती फुगते. भारतात प्रवाशाला शुल्काशिवाय २५ सिगार आणता येतात, आणि ही मर्यादा सिगारेट किंवा सुट्या तंबाखूला पर्याय म्हणून आहे, त्यांच्याशिवाय जास्तीची नाही. निघण्याआधी सीमाशुल्क विभागाचे त्या वेळचे नियम बघून घ्या. पुण्यात पोचल्यावर सिगार लगेच बाबांच्या हातात देऊ नका. आधी फ्रीझर, मग ६५च्या डब्यात दोन आठवडे.

थोडक्यात उत्तरं

सिगारवरचं सेलोफेन, म्हणजे पारदर्शक वेष्टन, काढायचं का (कोल्हापूर) : नका काढू. ओलावा त्यातून हळूहळू जातो-येतो आणि पान खरचटत नाही. एकाला भुंगेरा लागला तर शेजाऱ्यापर्यंत पोचायला त्याला वेळही लागतो.

ॲल्युमिनियमच्या नळीतले सिगार (नाशिक) : नळीचं झाकण अर्धा फेरा सैल करून डब्यात ठेवा, नाहीतर पुडीचा त्यांना उपयोग नाही.

व्हॅनिलाच्या वासाचे सिगार (सोलापूर) : त्यांना वेगळा डबा. एका डब्यात ठेवलेत तर महिन्याभरात सगळेच व्हॅनिलाचे, आणि तो डबा पुढे साध्या सिगारांना वापरता येत नाही.

महिन्याला एकच ओढतो, डबासुद्धा नको (डोंबिवली) : चार-पाच सिगारपर्यंत झिपची जाड पिशवी आणि ६५ची ८ ग्रॅमची पुडी पुरते. पिशवी टीव्हीवर, फ्रिजवर किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत एक दुपार पुरेशी असते.